विमशर्स्ट यंत्राची ठिणगी आखूड पडते किंवा पडतच नाही: काय तपासावं, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबावं

विमशर्स्ट यंत्र म्हणजे हँडल फिरवून स्थिरविद्युत तयार करणारं आणि दोन धातूच्या गोळ्यांमध्ये तिची ठिणगी पाडणारं यंत्र. उलट फिरणाऱ्या दोन चकत्यांवर धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना तारांचे ब्रश टेकतात, टोकदार फण्या चकत्यांवरचा भार उचलून गोळ्यांकडे नेतात आणि लेडन बरण्या (आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेल्या बरण्या) तो साठवतात. घरी बनवलेलं असं यंत्र बिघडलं की त्याची लक्षणं ठरावीकच असतात. तुमच्या यंत्राचं लक्षण कोणतं, ते आधी नीट ओळखा. निम्मी शोधाशोध तिथेच वाचते.

पहिलं आणि सर्वांत जास्त दिसणारं: ठिणगी पडते, पण पूर्वी बोटभर लांब पडायची ती आता जेमतेम नखाएवढी. बाकी सगळं पूर्वीसारखंच.

दुसरं: ठिणगी नाही, नुसता सूऽ असा आवाज आणि ओझोनचा तिखट वास. गोळे जवळ आणले तर कशीबशी एखादी ठिणगी.

तिसरं: ठिणग्या भराभर पडतात, पण बारीक, जांभळ्या, दोऱ्यासारख्या. पांढरा लख्ख प्रकाश आणि कडाडणारा आवाज गेला.

चौथं: ठिणगी गोळ्यांमध्ये न पडता चकतीच्या पृष्ठभागावरून फणीपासून ब्रशकडे सरपटत जाते.

पाचवं: सुरुवातीला झकास चालतं, काही मिनिटांत दम तोडतं.

सहावं: काहीच नाही. गोळ्याजवळ धरलेला कागदाचा कपटासुद्धा हलत नाही.

अशी यंत्रं पुष्कळ हातांखालून गेल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे. सहाव्या लक्षणाचं यंत्र वीज तयारच करत नाही. बाकीच्या बहुतेक यंत्रांत वीज तयार होते, पण गोळ्यांपर्यंत पोचण्याआधी किंवा पोचल्यावर गळून जाते. माणसं मात्र उपाय करतात तो उत्पादन वाढवण्याचा: मोठी चकती, जास्त पट्ट्या, जोरदार मोटर. भोक पडलेल्या हंड्यात जास्त पाणी ओतण्यासारखंच ते. आधी गळती शोधा.

हात लावण्यापूर्वी

खालच्या जवळजवळ प्रत्येक तपासणीत यंत्राला हात लागणार आहे, म्हणून हे आत्ताच सांगतो. फिरवणं थांबलं म्हणजे यंत्र रिकामं झालं असं नाही. लेडन बरण्यांमध्ये भार साठलेला असतो. प्लास्टिकच्या लांब दांड्याला जाड तार बांधा, तारेची दोन टोकं दोन्ही गोळ्यांना एकाच वेळी टेकवा, मग गोळे एकमेकांना चिकटवून ठेवा आणि काम संपेपर्यंत तसेच राहू द्या. एकदा ठिणगी पाडली की झालं, असं समजू नका. काचेत मुरलेला भार मिनिटाभरात पुन्हा वर येतो आणि दुसरा झटका बसतो.

ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी या यंत्राजवळ येऊ नये. मोबाइल, लॅपटॉप, मोजमापाची इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुसऱ्या टेबलावर ठेवा. खोलीची खिडकी उघडी असू द्या, कारण ओझोन फुप्फुसांना चांगला नाही. आणि अल्कोहोलने काही पुसलं असेल तर ते पूर्ण उडून वास जाईपर्यंत हँडल फिरवायचं नाही. या यंत्राची ठिणगी अल्कोहोलची वाफ सहज पेटवते.

दोन आकडे: गळती की उत्पादन?

या चाचणीला काहीही खर्च नाही आणि मी कुठलंही यंत्र हातात आलं की पहिल्यांदा हीच करतो.

बरण्या जोडलेल्या असू द्या. गोळ्यांमधलं अंतर ५ मिलिमीटर ठेवा. हँडल एकसारख्या वेगाने १० वेळा फिरवा आणि ठिणग्या मोजा. हा पहिला आकडा. मग अंतर हळूहळू वाढवत न्या आणि कोणत्या अंतराला ठिणगी पडायची बंद होते ते टिपा. हा दुसरा आकडा. अंतर बदलताना गोळ्यांना नव्हे, त्यांच्या विद्युतरोधक मुठींनाच धरा.

पहिला आकडा उत्पादन सांगतो. गोळे मोठे असतील तर ५ मिलिमीटर हवा फोडून ठिणगी पाडायला साधारण १७ हजार व्होल्ट लागतात. या यंत्राच्या मानाने हा विद्युतदाब कमी आहे, आणि कमी दाबाला गळतीही थोडीच असते. म्हणजे जेवढा भार तयार होतो, तेवढा जवळजवळ सगळा ठिणग्यांमध्ये दिसतो. उदाहरणार्थ, यंत्र १० मायक्रोअँपियर देत असेल आणि दोन्ही बरण्यांची मिळून धारिता (भार साठवण्याची क्षमता) २०० पिकोफॅरड असेल, तर प्रत्येक ठिणगीला सुमारे ३.४ मायक्रोकुलोम भार लागतो आणि सेकंदाला साधारण तीन ठिणग्या पडतात. दुसरा आकडा दाब किती चढतो ते सांगतो, आणि दाब कुठे अडकायचा हे गळती ठरवते.

आता निदान सोपं आहे. पहिला आकडा पूर्वीइतकाच आणि दुसरा घसरला, तर गळती. दोन्ही घसरले, तर आधी ब्रश, चकत्या फिरवणारे पट्टे आणि ब्रशांचे तिरके दांडे पाहा. यंत्र चांगलं चालत असतानाच हे दोन्ही आकडे आणि त्या दिवशीची आर्द्रता लाकडी पायावर पेन्सिलीने लिहून ठेवली, तर पुढे फार उपयोग होतो. तुलनेला काही नसेल तर माणूस अंदाजाने खिळे-स्क्रू ढिले करत बसतो.

जोरात फिरवून काय होतं, हेही इथे कळतं. वेग दुप्पट केला की पहिला आकडा तेवढ्याच फेऱ्यांमध्ये जवळजवळ तोच राहतो, फक्त ठिणग्या लवकर लवकर पडतात. दुसरा आकडा किंचित वाढतो, पण दाब जसा चढतो तशी टोकांवरची गळती त्याहून झपाट्याने वाढते. म्हणून वेगाने हा बिघाड झाकताही येत नाही.

दिशा आणि तिरके दांडे

हे नुसतं बघायचं आहे. विमशर्स्ट यंत्रात दोन चकत्या एकमेकींच्या उलट फिरतात. प्रत्येक चकतीसमोर एक तिरका दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांचे ब्रश समोरासमोरच्या पट्ट्यांना एकाच वेळी टेकतात. फण्या आडव्या, डावी-उजवीकडे.

नियम असा: पट्टी फणीखालून निघाली की साधारण ४५ अंश पुढे गेल्यावर तिला तिच्याच चकतीचा ब्रश लागला पाहिजे, आणि तिथून पुढचा लांबचा पल्ला तिने भार घेऊन काटला पाहिजे. का? ब्रश लागतो त्या क्षणी मागच्या चकतीवरची समोरची पट्टी भारित असावी लागते. तिच्या ओढीने पुढच्या पट्टीवर विरुद्ध भार येतो आणि ब्रश सुटल्यावर तिथेच अडकतो. दांडा उलट्या बाजूला कललेला असेल तर ब्रशसमोर नुकतीच फणीखालून रिकामी होऊन आलेली पट्टी येते. तिच्याकडे ओढायला भारच नसतो. यंत्र कितीही फिरवा, काही होत नाही.

यंत्र खोलून पुन्हा जोडल्यावर सहावं लक्षण दिसलं, तर दहापैकी बहुतेक वेळा हेच कारण असतं. हँडल उलट फिरवून बघा. उलट फिरवल्यावर जिवंत झालं तर दोन्ही दांडे आरशातल्यासारखे फिरवून लावा.

चौथं लक्षण, म्हणजे चकतीवरून सरपटणारी ठिणगी, हाही बऱ्याचदा दांड्याच्या कोनाचाच प्रश्न असतो. ब्रश फणीच्या फार जवळ आला की मधल्या पट्ट्यांवरून उड्या मारत भार फणीकडून ब्रशकडे जातो, कारण तो रस्ता गोळ्यांमधल्या हवेपेक्षा सोपा असतो. दांडे पाच-पाच अंशांनी उभे करत जा आणि दुसरा आकडा पुन्हा मोजा. पट्ट्या फार रुंद असल्या आणि त्यांच्यात फटी कमी असल्या तरी असंच होतं, पण तो उपाय मोठा आहे. आधी कोन बदलून पाहा.

पृष्ठभाग: ओल आणि मळ

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवावा.

"दमट हवेतून वीज निघून जाते" असं सर्रास म्हटलं जातं. ते बरोबर नाही. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा सहज फुटत नाही, उलट फुटायला किंचित जास्तच दाब लागतो. गळती हवेतून होत नाही, ती काच, ॲक्रिलिक आणि खांब यांच्या पृष्ठभागावर जमलेल्या पाण्याच्या अदृश्य पापुद्र्यातून होते. त्या पापुद्र्यात बोटांचा घाम, धूळ किंवा साबणाचे क्षार विरघळले की तो चांगला वाहक होतो. हा फरक समजला की उपाय आपोआप सुचतो: खोलीतली हवा बदलत बसायची गरज नाही, पृष्ठभाग स्वच्छ आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा थोडा गरम ठेवायचा.

किती गरम? पृष्ठभाग हवेपेक्षा १० अंश सेल्सियसने गरम असेल तर त्याच्यालगतची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्मी होते. ७० टक्के आर्द्रतेच्या खोलीत पृष्ठभागापाशी ४० टक्क्यांच्या आत येते. माझ्या अनुभवात ४० टक्क्यांखाली कुठलंही नीट बांधलेलं यंत्र चालतं, ६० च्या वर न तापवता चालणारी यंत्रं थोडी. म्हणून केस वाळवायचा ड्रायर हे या छंदातलं सगळ्यात कामाचं हत्यार आहे. दोन्ही चकत्या, बरण्यांच्या माना आणि खांब यांच्यावर तो दुरून, फिरवत फिरवत चार-पाच मिनिटं मारा. एका जागी धरू नका, ॲक्रिलिक वाकतं. तापवल्यावर दुसरा आकडा लगेच वाढला, तर ओल हाच गुन्हेगार हे सिद्ध झालं.

पाचवं लक्षण, म्हणजे आधी चालून मग मरणारं यंत्र, हेही बहुतेकदा याच जातीचं. कोरड्या, उबदार जागेतून आणलेलं यंत्र थोडा वेळ चालतं, मग थंड होता होता ओल धरतं.

तापवूनही फरक पडला नाही तर पुसा. ॲक्रिलिकच्या चकत्या कोमट पाणी आणि सौम्य साबणाच्या दोन थेंबांनी, मऊ सुती फडक्याने धुवा. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खळखळून घ्या, कारण नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर पृष्ठभागावरच राहतात आणि पुढच्या दमट दिवशी तेच रस्ता तयार करतात. पट्ट्या चिकटवलेल्या असतील तर कडांना पाणी मुरू देऊ नका. काचेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ॲक्रिलिकवर, विशेषतः लेझरने कापलेल्या कडांवर, अल्कोहोल लावू नका: कापताना आलेल्या ताणामुळे तिथे केसासारख्या बारीक भेगा पडतात. ॲसिटोन आणि थिनर तर ॲक्रिलिकच्या आसपासही नको.

पुसून झाल्यावर चकतीला फक्त कडेला, रुमालाने धरा. बोटाचा एक स्पष्ट ठसा, पट्टी आणि आस यांच्या मधोमध उमटलेला, ठिणगी कमी करायला पुरतो.

साध्या काचेचा एक त्रास आहे: तिच्यातला सोडा पृष्ठभागावर येतो आणि ओल ओढून घेतो. जुन्या काळी म्हणूनच काचेच्या चकत्यांवर लाखेचं व्हार्निश चढवत. जेम्स विमशर्स्टने हे यंत्र १८८० च्या दशकात, ॲक्रिलिक येण्याच्या कितीतरी आधी बनवलं, आणि काच हाच तेव्हाचा चांगला पर्याय होता. आज नवीन चकती करायची असेल तर ॲक्रिलिकच घ्या.

ब्रश

यंत्र रिकामं करा आणि चकती हाताने अगदी हळू फिरवत चारही ब्रश बघा. प्रत्येक ब्रश प्रत्येक पट्टीला टेकतो का? बारीक तांब्याच्या तारांचे ब्रश काही दिवसांत वाकून बसतात आणि पट्टीपासून केसभर दूर राहतात. दिसायला टेकल्यासारखेच दिसतात, म्हणून मागे पांढरा कागद धरून बघा.

मग मल्टिमीटरने दांड्याच्या एका ब्रशपासून दुसऱ्या ब्रशपर्यंत वहन तपासा. दांड्याला रंग किंवा व्हार्निश असेल आणि ब्रश नुसता गुंडाळलेला असेल, तर मधे जोड तुटलेला सापडतो. दांड्याचं एक टोक जरी तुटलं तरी त्या चकतीला भार मिळत नाही, कारण विरुद्ध भार निघून जायला वाट उरत नाही.

पट्ट्यांवर ब्रशच्या वाटेत काळपट करडी रेघ दिसली तर ती ॲल्युमिनियमची झीज आहे. कोरड्या फडक्याने पुसा. ती चकतीच्या मोकळ्या भागावर पसरली तर तिथे वाहक थर तयार होतो.

सगळं बरोबर असूनही यंत्र सुरू होत नसेल, तर लोकरीवर घासलेली पीव्हीसीची नळी एका ब्रशच्या समोर, दुसऱ्या चकतीच्या बाजूने धरून हँडल फिरवा. सुरुवातीचा इवलासा भार मिळाला की यंत्र स्वतःला वाढवत नेतं. पट्ट्या नसलेल्या चकत्यांच्या यंत्रांना हा धक्का दर वेळी लागतोच, तो बिघाड नव्हे. थांबवून पुन्हा सुरू केल्यावर धन-ऋण गोळे अदलाबदल झाले तरी तोही बिघाड नव्हे.

पट्टे

एक पट्टा सरळ, दुसरा मराठी आठाच्या नव्हे तर इंग्रजी आठाच्या आकारात फिरवलेला, म्हणजे चकत्या उलट-सुलट फिरतात. पिळलेला पट्टा स्वतःवरच घासतो आणि ढिला होऊन घसरतो. प्रत्येक चकतीवर खडूची खूण करा, हँडल १० वेळा फिरवा, दोन्हींच्या फेऱ्या सारख्या झाल्या पाहिजेत. कमी भरली तर पट्टा ताणा किंवा बदला. एवढंच.

अंधारात बघणं

गोळे इतके दूर करा की ठिणगी पडणार नाही. खोली पूर्ण काळोखी करा, आणि डोळे सरावायला दहा-पंधरा मिनिटं द्या. ही मिनिटं वाचवू नका. घाई केली तर काहीच दिसत नाही आणि गळती नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मग यंत्र सावकाश फिरवा.

आता गळती स्वतःच दिसते. फण्यांच्या टोकांवर आणि ब्रशपाशी जांभळट आभा असणं योग्य आहे, तिथेच भार देणं-घेणं चालतं. एका फणीवर सुटे सुटे चांदण्यांसारखे ठिपके दिसतील, दुसऱ्या फणीवर पसरट, कुंचल्यासारखी आभा. ठिपके ज्या फणीवर, ती हवेत ऋण भार सोडत असते, म्हणून तिला जोडलेला गोळा धन. हे ओळखता आलं की मीटर न लावता ध्रुव कळतात.

बाकी कुठेही आभा दिसली तर ती गळती. स्क्रूचं टोक, झाळकामाचा राहिलेला काटा, तारेचा उघडा शेवट, पट्टीचा चौकोनी कोपरा, बरणीच्या पत्र्याची कातरलेली कड, चकतीची खडबडीत कड: हीच नेहमीची ठिकाणं. धातूचा भाग जितका टोकदार तितकं त्याच्यालगतचं विद्युतक्षेत्र तीव्र, आणि साध्या हवेत ते सेंटिमीटरला ३० हजार व्होल्टच्या आसपास गेलं की हवा तिथल्या तिथे फुटते. गोळे गोल आणि गुळगुळीत का असतात, याचं उत्तर हेच.

दुसऱ्या लक्षणाचा, सूऽ आवाजाचा, उगम जवळजवळ दर वेळी इथे सापडतो. उपाय: स्क्रूच्या टोकावर धातूचा गोल मणी किंवा टोपीची नट बसवा, झाळ कानशीने घासून घुमटाकार करा, पट्ट्यांचे कोपरे गोल कापा, तारेऐवजी जाड नळी वापरा. गरम गोंदाचा थेंब टोकावर सोडला तर आभा कमी होते, पण ती तात्पुरती मलमपट्टी आहे. धातूच गोल करणं खरं काम.

फण्याही याच वेळी बघा. टोकं चकतीपासून ३ ते ५ मिलिमीटरवर, कुठेही न घासणारी आणि दोन्ही चकत्यांना सारखी जवळ हवीत. चकती थोडी डगमगत असेल तर माणूस फणी लांब सरकवतो आणि मग अर्धा भार उचललाच जात नाही. फणीऐवजी चकतीचं डगमगणं दुरुस्त करा.

लेडन बरण्या

तिसरं लक्षण, बारीक जांभळी ठिणगी, दिसलं की सरळ इथे या. दोन्ही बरण्यांचे बाहेरचे पत्रे एकमेकांना तारेने जोडलेले असावे लागतात. ती तार निसटली की बरण्या असून नसल्यासारख्या होतात. तार लावा, तडाखा परत येतो.

तार ठीक असेल तर दोन्ही बरण्या काढून यंत्र चालवा. बरण्यांशिवाय ठिणगीची लांबी वाढली, तर दोष बरणीतच. बरणी नीट पाहा: पत्र्यांच्या वर बरणीच्या उंचीचा किमान तिसरा भाग उघडा आणि चकचकीत कोरडा असला पाहिजे, नाहीतर भार मानेवरून बाहेर चढून येतो. पुठ्ठ्याचं किंवा कच्च्या लाकडाचं झाकण असेल तर ते बदला. काचेत टाचणीच्या टोकाएवढं काळं भोक दिसलं, तर बरणी फुटली आहे. भोक गोंदाने बुजवून ती परत चालत नाही, टाकून द्या.

बरणी बदलताना मोठी घेण्याचा मोह होतो. तो धरू नका. ४०० पिकोफॅरडच्या बरणीत ५० हजार व्होल्टला अर्धा ज्यूल ऊर्जा असते, आणि तो झटकाही हात झिणझिणवून टाकतो. त्याच दाबाला धारिता २५ पट केली तर ऊर्जा १२ ज्यूलच्या वर जाते, आणि छातीतून गेलेला असा झटका जीव घेऊ शकतो. जाड ठिणगी दिसायला देखणी असते, हे मला मान्य आहे, तरीही घरच्या यंत्रावर बरण्या लहानच ठेवा.

खांब आणि आधार

इथपर्यंत येऊनही दुसरा आकडा वाढला नसेल, तर गळती यंत्राच्या हाडात आहे. लाकडी खांब कोरडे दिसतात, पण ओल धरून असतात. नायलॉन चिवट असतं म्हणून वापरलं जातं, तेही पाणी शोषतं. काही काळ्या रंगाची प्लास्टिकं काजळी मिसळून केलेली असतात आणि थोडी वाहक असतात.

प्रत्येक वस्तूची परीक्षा विद्युतदर्शीने, म्हणजे भार आहे की नाही ते दाखवणाऱ्या साध्या उपकरणाने, करता येते. काचेच्या बाटलीत, प्लास्टिकच्या बुचातून तार सोडून तिच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाच्या दोन पट्ट्या टांगा. घासलेल्या नळीने त्याला भार द्या, पट्ट्या फाकतील. आता संशयित खांबाचं एक टोक हातात धरून दुसरं टोक तारेला टेकवा. पट्ट्या तशाच फाकलेल्या राहिल्या तर खांब चांगला. लगेच मिटल्या तर तो खांब बदला. ॲक्रिलिक, पॉलिथिन आणि पीव्हीसी यांवर माझा भरवसा आहे.

चकती

शेवटची आणि सर्वांत कष्टाची तपासणी. चकती उतरवून उजेडासमोर धरा. पट्टीपासून आसाकडे जाणारी झाडाच्या फांद्यांसारखी करडी रेघ दिसली, तर ठिणगी तिथून वारंवार गेली आहे आणि पृष्ठभाग जळला आहे. बारीक पॉलिशने थोडं निघतं, खोल गेलं असेल तर चकती बदलावी लागते. पट्ट्यांच्या कडा उचलल्या गेल्या असतील तर नव्याने, कोपरे गोल करून चिकटवा. दोन चकत्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं आणि काही मिलिमीटरच असावं. वाढलं तर एकीची ओढ दुसरीपर्यंत कमी पोचते, आणि पहिला आकडा घसरतो.

थांबायचं कुठे

काचेच्या चकतीत भेग दिसली तर यंत्र एक फेरीसुद्धा फिरवू नका. भेगेला चिकटपट्टी लावून चालवणं म्हणजे फुटणाऱ्या काचेसमोर तोंड धरून बसणं. चकती बदला.

यंत्र घरातल्या विजेवरच्या मोटरवर चालत असेल आणि मोटर तापते, बॉडीला झिणझिण्या येतात, फ्यूज जातो किंवा घरातला गळती-संरक्षक स्विच पडतो, तर तो स्थिरविद्युतेचा प्रश्न उरला नाही. प्लग काढा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. मोटरची बॉडी अर्थ केलेली आहे का, हेही त्यालाच मोजू द्या. तोवर हँडलने चालवा. पहिला आकडा हँडलनेही तितकाच अचूक मिळतो.

बरण्यांऐवजी कुणी जुन्या उपकरणातले उच्च दाबाचे कपॅसिटर किंवा मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर जोडलेला असेल, तर त्या यंत्रावर या तपासण्या करू नका. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्टना थेट जीवघेणा प्रवाह देतो, आणि विमशर्स्टच्या मायक्रोअँपियरांशी त्याचं काहीही नातं नाही. उच्च दाबाचं प्रशिक्षण असलेल्या माणसाकडून ते आधी सुरक्षितपणे उतरवून घ्या.

आणि झटका एका हातातून दुसऱ्या हातात गेला असेल, त्यानंतर छातीत धडधड, चक्कर किंवा दुखणं जाणवत असेल, तर यंत्र राहू द्या आणि लगेच डॉक्टरकडे जा.